पद्माताईंचं ‘आती हूँ’

दूधविनायकाच्या गल्लीत, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईकडून लोकांची फारशी अपेक्षा नसते. तिने सकाळी देवळात जावं, दुपारी पडावं, संध्याकाळी घाटावर जाऊन बसावं. पद्माताई निवृत्त झाल्या आणि चौथ्याच महिन्यात नावेत बसून गंगेपलीकडे जायला लागल्या. कशाला, तर खेड्यातल्या बायकांना बाजारात बसायला शिकवायला.

सुरुवात एका टोपलीने झाली होती. रामघाटावर एक बाई नावेतून उतरली. तिच्या हातात मुंज नावाच्या गवताची विणलेली लहानशी टोपली होती, जांभळी-हिरवी, काठाला पोपटांची रांग. आत देवाला वाहायची फुलं. पद्माताईंनी फुलं सोडून टोपलीच विकत मागितली, तर ती बाई हसत सुटली.

‘ये तो मौनी है, बहिनजी. घर की चीज. इसको कौन बेचता है?’

मौनी म्हणजे लग्नात मुलीबरोबर लाडू भरून देतात ती टोपली. गावातल्या प्रत्येक बाईला विणता येते, म्हणून तिचं कुणाला काही वाटत नाही. पद्माताई घरी आल्या त्या हेच मनात घोळवत. घरची म्हणून ती विकायची नाही, आणि घरात वापरायला बाजारातून प्लास्टिकची आणायची, हे त्यांच्या गणिताच्या डोक्याला पटेना.

रामघाटामागे एक बंद पडलेली पाठशाळा आहे. तिच्या फरसबंदी अंगणात त्यांनी दर रविवारी सकाळी हाट भरवायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी तिघेच आले. एक वांगीवाला, एक मधवाला आणि मातीची खेळणी करणारी एक म्हातारी. ती अर्ध्या तासात ‘कोई देख लेगा’ म्हणत खेळणी गुंडाळून पळाली. चार वर्षांत मात्र अंगण भरायला लागलं. नियम एकच होता. ज्याने पिकवलं, ज्याने घडवलं, त्यानेच तिथं बसायचं, आणि गिऱ्हाईक समोर आलं की मान वर करून म्हणायचं, ‘हमने उगाया है,’ ‘हमने बनाया है.’ हे एवढं वाक्य म्हणवून घ्यायला पद्माताईंना एकेका बाईमागे महिना-महिना लागे.

‘काय पद्माताई, आज कुठलं गाव बिघडवून आलात?’ समोरचे रत्नाकरराव ओट्यावरून विचारत.

‘तुमचं तेवढं राहिलंय,’ पद्माताई म्हणत आणि जिना चढत.

त्यांच्याबरोबर त्यांची भाची ईशानी राहायची. युनिव्हर्सिटीत शिकायची, हाटाचं फोनवरचं काम बघायची आणि घरात अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची. पद्माताईंचं स्वतःचं हिंदी पक्कं होतं. जन्म इथलाच, आणि पस्तीस वर्षं मुलींना गणित हिंदीतूनच शिकवलेलं. पण एक गोष्ट त्यांच्या जिभेला कधी जमली नाही. मराठी घरातून बाहेर पडताना माणूस ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. जाते म्हणणारा परत येत नाही, अशी मनात भीती असते. पद्माताईंना हिंदीतसुद्धा ‘जाती हूँ’ म्हणवत नसे. कुणाकडूनही उठल्या की त्या म्हणत, ‘अच्छा, आती हूँ.’ गल्लीतले हिंदी शेजारी इतकी वर्षं ऐकून सरावले होते. बाई निघाल्या, एवढाच त्याचा अर्थ ते घेत. नदीपलीकडे हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पलीकडे वाळूच्या मागे बहोरनपूर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सहा बायका हाटात येऊ लागल्या होत्या. पण जिच्या मौन्या बघून या बाकीच्या शिकल्या, ती सुरसती काही येत नव्हती. सुरसती सत्तरीच्या पुढची, विधवा, पुढचे चार दात नसलेली. मुलगा सुरतेला कामाला, घरी सून भागमनी. सुरसती दिवसभर अंगणातल्या लिंबाखाली बसून असे. हातात लोखंडी दाभण, शेजारी पाण्याच्या परातीत भिजत घातलेलं गवत. बोटं चालूच असत, तोंडही.

‘म्हण बघू, हमने बनाया है,’ पद्माताई सांगायच्या.

‘हमने नहीं तो क्या लाट साहेब ने बनाया?’ सुरसती पदरात तोंड घालून हसायची.

‘अगं, गिऱ्हाइकाला कसं कळणार?’

‘डोळे नसतील तर कळून तरी काय करणार तो?’

असं सगळा माघ-फाल्गुन चाललं. चैत्र संपता संपता एकदा सुरसतीने खरं कारण सांगितलं. बाजाराची भीती नव्हतीच. भीती नदीची होती.

‘मास्टरनी, मी गंगा दोनदाच ओलांडली. एकदा लग्न होऊन या गावात आले तेव्हा. दुसऱ्यांदा आमच्या मालकांना मणिकर्णिकेवर नेलं तेव्हा. दोन्ही वेळेला नेणारं कुणी होतं. एकटीनं नावेत बसून मी कुठं जाणार?’

‘एकटी कशाला? विष्णु नाववाला दर रविवारी पहाटे या बायकांना आणतो. त्यांच्यात बसायचं.’

‘आणि पलीकडे?’

‘पलीकडे मी आहे ना.’

सुरसती कितीतरी वेळ दाभण गवतात तशीच रोवून बसली. मग म्हणाली, ‘ठीक आहे. या रविवारी.’

पद्माताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या खरखरीत हातावर हात ठेवला. मग पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, ‘अच्छा सुरसती, आती हूँ.’

‘इतवार के?’ सुरसतीने विचारलं.

‘हाँ हाँ, इतवार.’

त्यांना वाटलं, ती हाटाचा वार पक्का करून घेते आहे.

तो रविवार वैशाखातला होता. सात वाजताच फरशा तापायला लागल्या होत्या. बहोरनपूरच्या सहा जणी आल्या. त्यांच्या शेजारी पद्माताईंनी एक जागा राखून ठेवली होती, स्वतःच्या घरची चटई टाकून. ती रिकामीच राहिली. नऊ वाजले तेव्हा त्या ईशानीला म्हणाल्या, ‘बघितलंस? इतके महिने मागे लागले. या लोकांना दिलेल्या शब्दाचं काही नसतं बघ.’

हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या होत्या.

अंगणाच्या पूर्वेला दगडी सज्जा आहे. तिथून खाली नदी आणि पलीकडची वाळू दिसते. वैशाखात ती वाळू पार पांढरी पडलेली असते, मधेच काकडी-खरबुजाच्या वेलांचे हिरवे ठिपके. साडेदहाच्या सुमाराला पद्माताई जरा वारं घ्यायला सज्जात गेल्या. वारं नव्हतंच, झळा होत्या. पाण्यापासून थोडं आत, वाळूत काहीतरी काळं उभं होतं. माणसाच्या उंचीचं, डोक्याशी रुंद.

‘ते काय हो?’ वांगी घ्यायला आलेले रत्नाकरराव मागून म्हणाले.

‘बुजगावणं,’ पद्माताई म्हणाल्या. ‘काकडीवाल्यांनी उभं केलं असेल.’

काल ते तिथं नव्हतं, हे त्यांच्या मनात आलं. आलं, आणि तेवढ्यात कुणीतरी आतून हाक मारली. त्या आत गेल्या.

गुरुवारी घाटाच्या पायऱ्यांवर विष्णु भेटला. त्याने कानामागची विडी काढली, परत तिथंच खोचली.

‘मास्टरनीजी, बहोरनपूरची म्हातारी गेली. मंगळवारी. उन्हाची लू लागली तिला.’

‘कुठली म्हातारी?’

‘तीच, मौनीवाली. रविवारी मौन्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन वाळूत उभी होती. पहाटे बायकांना सोडून परत गेलो, तेव्हा मी म्हटलं, चल, बस. म्हणाली, नाही, मास्टरनी आने को बोल गयी हैं, उन्हीं के साथ जाऊँगी. आठच्या फेरीला परत विचारलं. म्हणाली, अब तो आती ही होंगी. नंतर मला इकडच्या सवाऱ्या लागल्या, मी गेलोच नाही. दुपारी सून शोधत आली तेव्हा ती वाळूत बसलेली होती. गाठोडं डोक्यावरच.’

‘मी? मी कधी म्हटलं येते म्हणून?’ पद्माताईंचा आवाज चढला. ‘मैंने तो ऐसा कुछ नहीं कहा!’

आणि हे त्या अगदी मनापासून बोलल्या. आपण असं काही म्हटल्याचं त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

विष्णुने मान डोलावली. सरळ माणूस. ऐकलं ते त्याने पलीकडे जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवसापासून पद्माताईंना जेवण जाईना. म्हातारीला काही भास झाला असेल, असं त्या स्वतःला समजावत. ईशानीही तेच म्हणे. रत्नाकरराव म्हणाले, ‘दर वर्षी लू लागून माणसं जातात. तुम्ही काय सूर्य आहात का?’ पण सज्जातून दिसलेलं ते काळं काय होतं, हे आता त्यांना कळलं होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या सोमवारी सकाळी ईशानी युनिव्हर्सिटीला निघाली. जिन्यातूनच ओरडली, ‘जाते गं मावशी!’

‘जाते नाही, येते म्हण,’ पद्माताई स्वयंपाकघरातून सवयीने म्हणाल्या.

ईशानी हसतच परत दारात आली. ‘तुझं ते येते! आठवतं, मी आठवीत असताना तू माझ्या मैत्रिणीला, बिचाऱ्या हिमानीला, किती ताटकळवलं होतंस? तिच्या घरून निघताना म्हणालीस, अच्छा बेटा, आती हूँ. ती पोरगी तासभर दारात उभी! जेवायलाही बसेना. आईला म्हणे, आंटी आ रही हैं, बोलके गयी हैं. दुसऱ्या दिवशी सगळ्या क्लासने मला छळलं, तेरी मौसी जाती है तो आती है.’

पद्माताईंच्या हातातला डाव कढईतच थांबला. फोडणी जळल्याचा वास जिन्यापर्यंत गेला.

‘मावशी? काय झालं?’

‘काही नाही. तू जा.’

घरातून निघताना मावशीच्या तोंडून ‘जा’ हा शब्द ईशानीने पहिल्यांदाच ऐकला. ती बघत राहिली आणि मग तिच्याही लक्षात आलं.

त्यानंतर पद्माताई घाटावर गेल्या की वाळूत ती उभी असे. रात्रीबिरात्री नव्हे, अंधारात नव्हे. भर सकाळी, लख्ख उन्हात, जेव्हा पलीकडे सावलीलासुद्धा जागा नसते. पाण्यापासून थोडी आत, डोक्यावर गाठोडं. पर्यटकांच्या नावा येत, पोरं वाळूत पतंग उडवत, उंटवाला उंट घेऊन तिच्या बाजूने जाई. कुणी तिच्याकडे बघत नसे. पद्माताई डोळे मिटून उघडत. ती तिथंच. एकदा त्यांनी ईशानीला सज्जात नेलं आणि विचारलं, ‘पलीकडे काय दिसतं तुला?’

‘रेती. क्यों?’

परत त्यांनी कुणाला विचारलं नाही. मनाशी एवढंच धरून ठेवलं की आषाढात पाणी चढेल. ती सगळी वाळू पाण्याखाली जाईल, मग उभं राहायला जागाच उरणार नाही.

गल्लीत लोकांना एक वेगळीच गोष्ट जाणवली. पद्माताई हल्ली कुणाकडे आल्या तर जाताना काही बोलतच नसत. चहाचा कप खाली ठेवायच्या आणि उठून चालू लागायच्या. ‘काय झालं, रागावल्या की काय?’ बायका एकमेकींना विचारायच्या.

मग एक दिवस विष्णुने आणखी सांगितलं. सांगताना तो पाण्याकडे बघत होता.

‘मास्टरनीजी, गावात भागमनीचे हाल चाललेत. सगळे म्हणतात, मास्टरनीने तर बोलावलंच नव्हतं. सुनेनेच म्हातारीला उन्हात कमवायला हाकललं, आणि आता मास्टरनीचं नाव घेते. नवऱ्याचापण फोन आला होता सुरतेवरून. खूप बोलला म्हणे.’

पद्माताईंनी त्या रात्री ईशानीला सांगितलं, मी जाऊन खरं काय ते बोलणार.

‘सगळ्यांसमोर?’

‘सगळ्यांसमोरच. बोल तिला सगळ्यांसमोरच लागलाय ना.’

‘मग बहोरनपूरच्या सहाही येणं बंद करतील मावशी. दुसऱ्या गावांतही पोचेल. तूने चार साल लगाये हैं इसमें.’

‘माहीत आहे.’

माहीत होतं, तरी त्यांना निघायला आणखी कितीतरी दिवस लागले. रोज काहीतरी कारण निघे. एकदा तर त्या नावेत बसल्याही, आणि विष्णुने दोर सोडल्यावर ‘थांब, चष्मा राहिला,’ म्हणून उतरल्या. चष्मा नाकावर होता. विष्णुने दोर परत बांधला.

ज्येष्ठातल्या एका सकाळी त्या गेल्याच. वाळूतून चालताना त्यांनी मान खाली घातली होती. पावलांखाली वाळू भाजत होती. नेमकी कुठली जागा, हे त्यांनी विष्णुला विचारलं नाही आणि त्यानेही दाखवलं नाही.

गावाच्या तोंडाशी हातपंप आहे. आठ-दहा बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. भागमनी सगळ्यांच्या मागे होती. पद्माताई बघत होत्या तोवर मागून आलेल्या दोघींनी तिची बादली पायाने बाजूला सारून आपल्या पुढे लावल्या. ती बादली उचलून आणखी मागे सरकली. तिशीची असेल, पण चेहरा सुकून गेलेला.

पद्माताईंना तयार केलेलं सगळं बोलणं विसरायला झालं. त्या पंपाजवळ गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘सुरसतीला मी म्हटलं होतं. आती हूँ, असं मीच म्हटलं होतं. भागमनी खरं बोलते आहे.’

पंपाचा दांडा थांबला.

‘पण मला यायचं नव्हतं. म्हणजे, आमच्यात निघताना असंच म्हणतात. आम्ही मराठी लोक. जाणारी बाई ‘येते’ म्हणते. जाते म्हणणं बरं नसतं, म्हणून. मी तेच हिंदीत म्हटलं. ती समजली की मी न्यायला येणार आहे.’

मग पुढची एक जण म्हणाली, ‘जाने को आना बोलती हैं?’

‘तो आने को का बोलती हैं?’ दुसरी म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू दाबलं गेलं नाही, उलट पसरलं. पदरात तोंडं लपवून त्या हसत राहिल्या, आणि पद्माताई मधे उभ्या राहिल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं.

भागमनी हसली नाही.

‘विष्णु से काहे बोला फिर, कि नहीं कहा?’ तिने विचारलं.

‘तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.’

‘कब आया?’

‘अठरा दिवस झाले.’

‘अठारह दिन,’ भागमनी म्हणाली. एवढंच. तिने बादली उचलली आणि पुढे आली. बायका बाजूला झाल्या. हसणं बंद झालं होतं. जिने मघाशी बादली सारली होती, तिनेच दांडा हातात घेतला आणि भागमनीची बादली भरून दिली.

त्या गावात दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. पद्माताईंना त्या दिवशी कुणी पाणी विचारलं नाही. परत येताना त्यांचा घसा इतका कोरडा झाला होता की विष्णुने आपली बाटली पुढे केली.

‘बोललात, बरं केलंत,’ तो म्हणाला.

पद्माताईंनी मान हलवली. त्यांनी सगळं सांगितलं नव्हतं. सज्जातून बघितलं होतं, ते त्यांनी गिळून टाकलं होतं. सुनेवरचा आळ तर गेला, मग एवढं आणखी कशाला, असं त्यांनी पाण्याच्या मध्यावर स्वतःला विचारलं. वर पाहिलं तर मागच्या वाळूत ती तशीच उभी होती.

पुढच्या रविवारी बहोरनपूरची एकही बाई आली नाही. मधवाला म्हणाला, ‘पलीकडे लोक म्हणतात, इथे बोलण्याचा भरवसा नाही. बाई येते म्हणतात आणि जातात.’ तो गमतीने म्हणाला होता. नंतरच्या रविवारी दोघी आल्या, खालमानेने. आणि त्याच्याही पुढच्या रविवारी, पद्माताई फरशीवर पाणी मारत होत्या तेव्हा, दारातून भागमनी आत आली. डोक्यावर गाठोडं होतं. एकटी होती.

तिने कुणाकडे बघितलं नाही. मोकळी चटई बघून बसली, गाठोडं सोडलं आणि मौन्या मांडल्या. जांभळ्या, हिरव्या, एकीच्या तळाशी मासा विणलेला. पद्माताईंनी त्या ओळखल्या. लिंबाखाली बसून विणलेल्या सुरसतीच्याच होत्या. काठांवर अजून वाळू चिकटलेली होती.

पद्माताई जवळ गेल्या नाहीत. दुरून ऐकत राहिल्या.

‘बहुत सुंदर है! आपने बनाया?’ एका गिऱ्हाईक बाईने विचारलं.

‘सास ने बनाया है.’

‘अरे वा. वो नहीं आयीं?’

‘आयी थीं,’ भागमनी म्हणाली. ‘उस पार तक.’

गिऱ्हाईक बाईला काही समजलं नाही. तिने मौनी खाली ठेवली आणि मधवाल्याकडे वळली.

जरा वेळाने भागमनी उठली. सरळ सज्जाकडे गेली. पद्माताईंनी हातातलं काम टाकलं. त्या मागोमाग गेल्या, का गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली नदी होती, पलीकडे वाळू. ऊन चढत होतं. भागमनीने दगडी कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

‘अम्मा जिथं उभी होती, ती जागा इथून दिसते?’ तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

नाही म्हणता आलं असतं. वाळू केवढी मोठी, कोण कुठं उभं होतं कुणाला माहीत.

‘दिसते,’ पद्माताई म्हणाल्या. ‘मी बघितलं होतं तिला. साडेदहा वाजता. इथूनच.’

भागमनीने मान वळवली.

‘मला वाटलं, धोखा आहे,’ पद्माताई म्हणाल्या. तिकडे शेतातल्या बुजगावण्याला धोखा म्हणतात. ‘काल तर नव्हता, असं मनात आलं होतं. तरी मी आत गेले.’

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. त्याचा आवाज दगडांवरून वर येत होता.

‘हाथ हिलाया था उन्होंने?’

हा प्रश्न पद्माताईंनी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. रोज ते चित्र डोळ्यांसमोर आणलं होतं, पण इथपर्यंत कधी जाऊ दिलं नव्हतं.

‘एकदा काहीतरी हललं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं वारा आहे. त्या दिवशी वारा नव्हता.’

भागमनी पुष्कळ वेळ पलीकडे बघत राहिली. मग आत गेली. पद्माताईंना वाटलं, आता ती गाठोडं बांधणार. तिने चटईच मौन्यांसकट ओढत सज्जाच्या तोंडाशी आणली आणि तिच्यावर बसली. तोंड नदीकडे करून. हाटाकडे तिची पाठ होती. गिऱ्हाइकं यायची, मौन्या बघायची, त्या पाठीकडे बघायची आणि घोटाळून उभी राहायची.

थोड्या वेळाने पद्माताई खाली बसल्या. तिच्या पाठीला पाठ लावून नव्हे, पण हातभर अंतरावर. तोंड गिऱ्हाइकांकडे. मासा विणलेली मौनी एका मुलीने उचलली आणि विचारलं, ‘ये किसने बनाया?’

‘सुरसती ने,’ पद्माताई म्हणाल्या. ‘सुरसती, बहोरनपूर.’

मागे काही हालचाल झाली नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. वाळूत आत्ता कुणी उभं आहे की नाही, हे त्यांना दिसत नव्हतं. भागमनीला काय दिसत होतं, ते तिलाच माहीत.

अकरा वाजता हाट उठला. वांगीवाल्याने पोती झटकली, ईशानीने दारातला फलक आत घेतला आणि या दोघींकडे बघून जवळ न येता दाराशीच थांबली. फरशा तापल्या होत्या. मौन्या संपल्या होत्या, एक तेवढी उरली होती.

खालून विष्णुने हाक मारली, ‘भागमनी! चलती है कि नहीं? आखरी फेरी है.’

मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

दोघींपैकी कुणी उठलं नाही.